खडूनं लिहिलेला भाव

हणमंता, तुझ्या दहाव्याला आपल्या गटातले बाराजण आले होते, आणि त्यातल्या नऊजणांनी आधी तुझ्या इंजिनाच्या सुट्या भागांच्या शेडकडे बघितलं, मग वहिनींकडे. मी मोजले. गणिताच्या मास्तराची मोजायची सवय निवृत्त झाल्यावरही जात नाही. त्या नऊजणांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण तुझ्याशी खोटं बोलायची आता काही सोय उरलेली नाही.

कावळा मात्र लगेच शिवला. साधं एक नोझल विकायला अर्धा अर्धा तास घासाघीस करणारा माणूस तू, आणि तुझा कावळा असा निमूटपणे आला आणि गेला, याचं मला हसू आलं. शेजारचा माणूस बघायला लागला तेव्हा कळलं की डोळ्यांतून पाणीही येतंय. आपण दोन वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. लोकांना वाटलं असणार, हे काय नाटक.

आपला नाद लोकांना समजावून सांगताना दोघांचीही पंचाईत व्हायची. विहिरींवर वीज यायच्या आधी जी डिझेलची इंजिनं पाणी उपसायची, दोन अंगांना दोन जड चाकं आणि धुराच्या नळीवर उपडा घातलेला डबा, ती आपण शोधायचो, झाडोऱ्यातून सोडवायचो आणि पुन्हा चालू करायचो. पाण्यासाठी नाही, नुसती ऐकायला. माझ्या बायकोच्या मते हे रिकामटेकड्यांचं काम. तू तिला म्हणाला होतास की लोक कबुतरं पाळतात, आमी इंजिनं पाळतो, इंजिन निदान घाण तरी करत नाही. तिनं माझ्या शर्टाच्या तेलकट बाह्या तुझ्यापुढे धरल्या होत्या.

आपली ओळख झाली तीही एका पंपावरून. बारामतीतल्या एका भंगारवाल्याकडे लोखंडाच्या ढिगात इंजिनाला डिझेल पुरवणारा एक छोटा पंप दिसला आणि त्याला एका बाजूनं तू हात घातलास, दुसऱ्या बाजूनं मी. तू मला सरळ अरेतुरे करत होतास. मी सांगितलं की सुप्याच्या शिवारात आमची विहीर आहे, तिच्यावरचं इंजिन माझ्या अब्बांचं आहे, आणि या एका पंपावाचून ते अडलंय. तू हात काढून घेतलास. मग मी मास्तर आहे असं कळल्यावर एकदम "सर" म्हणायला लागलास, आणि चहाचे पैसे मात्र माझ्याच खिशातून काढायला लावलेस. त्या दिवाळीच्या आधी अब्बांचं इंजिन चालू झालं. अब्बा तेव्हा नव्हते, पण अम्मी होती. ती ओट्यावर बसून ऐकत राहिली आणि म्हणाली, जरा जोरात पळतंय. तू दुरून, इंदापूरहून आला होतास तरी तिचं ऐकून आधी ते हळू करून दिलंस, मग जेवायला बसलास.

गट वाढत गेला. बारामती, इंदापूर, मधली गावं मिळून तीसएक माणसं झाली. कुणी शेतकरी, कुणी साखर कारखान्यात, एक पोस्टमन. माणसं वाढली की नियम लागतो, आणि नियम करायचा म्हटलं की मास्तर पुढे. मी नियम केला. एकमेकांत सुटा भाग द्यायचा तो घेतल्या भावात. वर फक्त चहा. आणि तो भाव खंडेनवमीला, सगळ्यांनी आपापली इंजिनं एका माळावर आणून हळदकुंकू वाहिल्यावर, सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचा. मला तो नियम फार आवडायचा. नादात नफा शिरला की नाद बाटतो, असं एक वाक्यही मी तयार केलं होतं आणि ते दर वर्षी म्हणायचो. तू मागे उभा राहून दर वर्षी मान हलवायचास. ती मान होकाराची होती की नकाराची, हे मी कधी नीट बघितलं नाही.

तुझी रीत वेगळी होती. तू भाव मोठ्यानं सांगायचा नाहीस, खडूनं लोखंडावर लिहून ठेवायचास. खडू माझ्याकडून न्यायचास. निवृत्त होताना मी शाळेतून खडूची दोन खोकी घरी आणली होती, आणि ती कुणाला विचारून आणली होती, असा प्रश्न तू मला एकदाही केला नाहीस. मी नफ्यावर बोलत असताना तुझ्या खिशात माझ्या शाळेचा खडू असायचा. तुझ्या जागी मी असतो तर भर सभेत बोललो असतो.

एकदा तू मला बरोबर नेलंस. नरसिंहपूरच्या अलीकडे नदीकाठच्या एका मळ्यात बाभळींच्या जाळीत इंजिनाची खोली होती, छप्पर खाली आलेलं. मळ्याचे मालक म्हणजे एक आबा, वय झालेले पण नजर पक्की. किलोवर देतो म्हणाले, मग थांबून विचारलं की ह्याचं नक्की काय होतं. तू त्यांना सगळं सांगितलंस. पंप चांगला आहे, नोझल मिळत नाही, किलोवर देऊ नका. भंगाराच्या कितीतरी वर पैसे मोजलेस आणि वर त्यांच्याबरोबर खोलीची माती उपसलीस. मला तुझा अभिमान वाटला. तिथून अर्ध्या तासावर दुसऱ्या वस्तीवर एक म्हातारी एकटी होती. तिनं काही विचारलं नाही. तू तसाच पंप, तसंच नोझल, गुपचूप किलोवर उचललंस.

परत येताना मी तुला धारेवर धरलं. तू म्हणालास, आबांनी विचारलं, तिनं न्हाय विचारलं. मी म्हटलं हे काय उत्तर झालं. तू गाडी बाजूला घेतलीस आणि शांतपणे बोललास. तुझं ते बोलणं मला शब्दाला शब्द आठवतं.

"सर, तुमचा रविवार पगारी हाय. तुमी फिरायला येता. माझा रविवार दुकान बंद ठिऊन येतो. तुमचा नियम चांगला हाय, पर त्यो पेन्शनवाल्यांचा नियम हाय."

मला ते इतकं लागलं की मी म्हातारीचं विसरून गेलो. आज लिहिताना लक्षात येतं की तू मोठ्या शिताफीनं विषय बदललास. आणि हेही लक्षात येतं की म्हातारीच्या अंगणातून ते पोतं गाडीपर्यंत मी उचलून आणलं होतं. रागावलो ते तीन किलोमीटर पुढं आल्यावर. त्या म्हातारीकडे परत जाऊन काही तरी द्यायला हवं होतं, असं आपण पुढे दोन-तीनदा बोललो. गेलो नाही. ती वस्ती आता मला एकट्याला सापडणार नाही.

मग ती चाकं. त्यावर आपलं भांडण अर्धवट राहिलं, म्हणून ते आज पुरं करतो. माझ्याकडे एका इंजिनाची दोन चाकांची जोडी होती, एकाच ओतकामातली, जराही न तडकलेली. तू म्हणालास, माझ्या इंजिनाला एक चाक वेगळं हाय, हलतंय, जोडी द्या. मी नियमाप्रमाणे घेतल्या भावात दिली. चहासुद्धा तुझ्याच शेडमध्ये झाला. तीन महिन्यांनी सोलापूर रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलच्या दाराशी ती दोन्ही चाकं मला दिसली. सोनेरी रंग दिलेला, मधोमध झेंडूच्या कुंड्या. बायको म्हणाली, छान दिसतात नाही.

तू खोटं बोलला नाहीस एवढं खरं. चौपट आले, असं तोंडावर सांगितलंस. दिल्यावर ती माझी झाली, मग मी काय बी करंन, असंही म्हणालास. इंजिनासाठी म्हणून मागितली होतीस त्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा तू पान्याला फडकं लावत बसलास. त्या खंडेनवमीला मी तीस माणसांसमोर तुला दलाल म्हणालो. तुझ्या खिशातला माझ्या शाळेचा खडू विसरून म्हणालो. तू तुझं इंजिन बंद केलंस, ते थंड होईपर्यंत थांबलास, ट्रॉलीत चढवलंस आणि गेलास. कुणाशी भांडला नाहीस. त्याच संध्याकाळी मी तुझा नंबर गटातून काढला.

मजा अशी की त्यानंतर गटातल्या सगळ्यांनी तुझ्याकडूनच माल घेतला. चोरून. आमच्या नियमात कुणी कशासाठी गावोगाव हिंडणार होतं? सहा महिने गटात उघडपणे एकही नवा भाग आला नाही. माझ्या इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग तुटली आणि ते पिसाळल्यासारखं पळायला लागलं, म्हणून बंद ठेवावं लागलं. भांडणाला वर्ष झालं. शेवटी मी आपल्या पोस्टमनला तुझ्याकडे पाठवलं, माझं नाव सांगू नको म्हणून बजावून. तू कागदात गुंडाळून स्प्रिंग दिलीस आणि त्याला म्हणालास, सरांना सांग, दर सगळ्यांना त्योच हाय. मी पेटलो. इतक्या वर्षांचा दोस्त, एक स्प्रिंग, आणि याला दहा रुपये कमी करवले नाहीत. तू पाठवलेली स्प्रिंग बसवली आणि तुलाच शिव्या घातल्या.

तू गेल्याचं मला त्याच पोस्टमननं फोनवर सांगितलं. मी शाळेच्या कट्ट्यावर बसलो होतो. पहिला विचार काय आला सांगू? याच्याशी भांडण बाकी आहे, असा कसा जाईल. दुसरा विचार तुझ्या शेडचा आला. लाज वाटली, पण आला.

तेराव्यानंतर वहिनींचा फोन आला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शेड मोकळी करून तिथं पिठाची गिरणी टाकायची आहे. भंगारवाला येऊन किलोचा दर सांगून गेलाय, त्या दरात गिरणीचा पट्टासुद्धा यायचा नाही. सुट्या भागांचे भाव लावून द्या, दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नाही. मी विचारलं, मीच का, आमच्या भांडणाचं तुम्हाला सगळं माहीत आहे. त्या म्हणाल्या, "ते म्हणायचे, सर भांडतील पर फसवायचे न्हाईत."

हे तू म्हणायचास, हणमंता. कुणाला म्हणायचास, कधी म्हणायचास, मला का नाही म्हणालास.

इकडे गटात आधीच बोलणं सुरू झालं होतं. नियमाप्रमाणे वहिनींकडून घेतल्या भावात सगळं घेऊन टाकू, त्याही मोकळ्या होतील, असं एकानं लिहिलं होतं आणि खाली हात जोडल्याची चित्रं पडली होती. नियम माझाच. म्हणजे तू दहा वर्षांपूर्वी जे किलोवर उचललंस, ते तुझ्या बायकोनं किलोवर द्यायचं. मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. मग खिशात खडू घालून इंदापूरची एसटी धरली.

पहिल्या रविवारी मी नुसती फळ्यांवरची धूळ पुसत बसलो. तुझी शेड बाहेरून अडगळ दिसायची, आत मात्र सगळं रांगेत. जवळजवळ प्रत्येक भागावर तुझ्या हातचा भाव, आणि भावाच्या पुढं एक अक्षर. मला वाटलं गिऱ्हाइकाच्या नावाचं असेल. एकाच मापाची, सारख्याच हालतीची दोन नोझलं होती आणि दोन्हींचे भाव वेगळे. मी मनात म्हटलं, बघा, हा असा होता, तोंड बघून भाव. दोन्हीकडे एकच भाव लिहायला खडू काढला आणि कुठला लिहावा म्हणून थांबलो.

कोडं दुसऱ्या रविवारी सुटलं. न म्हणजे नरसिंहपूर. सु म्हणजे सुपे. मो म्हणजे मोरगाव. इंदापूरहून नरसिंहपूर जवळ, म्हणून न-वालं नोझल स्वस्त. मोरगाव लांब, जाऊन येऊन डिझेल जळायचं, दिवस मोडायचा, म्हणून मो-वालं महाग. मी सगळी शेड तपासली. सगळीकडे तेच. वस्तूला तू एकच भाव लावत होतास, वरचा आकडा रस्त्याचा होता. खाली बसलो आणि ओल्या फडक्यानं तोंड पुसून घेतलं. आयुष्यभर पोरांना त्रैराशिक शिकवलं आणि हे उदाहरण माझ्यापुढं पंधरा वर्षं खडूनं लिहिलेलं होतं. एवढं तोंडानं सांगायला तुला काय झालं होतं? आणि मी तरी एकदा विचारलं का, हे अक्षर कसलं म्हणून?

पण चाकांचं मी सोडणार नाही. त्या जोडीला तुझ्या गावापासून माझ्या गावापर्यंतच्या रस्त्यापलीकडे काही लागलं नव्हतं, आणि तो रस्ता दोस्तीचा होता. तिथं तू चुकलास. म्हातारीकडे आपण दोघं चुकलो. दलाल म्हणालो तिथं मी एकटा चुकलो. आज मला एवढाच हिशेब मांडता येतो, आणि तो मांडायला समोर तू हवा होतास, तावातावानं फडकं आपटणारा.

तिसऱ्या रविवारी मी गटाला शेडमध्येच बोलावलं. वीसएक जण आले. तुझे भाव होते तसेच ठेवले होते, नव्हते तिथं मी तुझ्याच रीतीनं लावले होते. लोक वाचत फिरले आणि हळूहळू कुजबुज वाढली. शेवटी एकजण बोलला, चांगला माणूस आहे, रागानं नाही बोलला.

"सर, घेतल्या भावात द्यायचं, ह्यो नियम तुमचाच हाय."

मी तुझी बाजू मांडली, हणमंता. म्हटलं, नियम माझा होता, हिंडणं ह्याचं होतं. इथला प्रत्येक भाग विहिरीच्या काठावर मातीत सडला असता, आणि आपल्यापैकी कुणीही रविवारी घराबाहेर पडलं नसतं. मी ह्याला दलाल म्हणालो ते तुम्हा सगळ्यांसमोर म्हणालो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो, की ते मी चुकीचं बोललो. चौघं जण न घेता निघून गेले. त्यातला एक जाताना म्हणाला की मास्तर वहिनींच्या बाजूनं झाले. झालो. बाकीच्यांनी घेतलं. कुणी कमी करा म्हटलं तेव्हा मी तुझ्यासारखा अर्धा अर्धा तास उभा राहिलो आणि, खरं सांगतो, मला मजा आली.

निम्मी शेड रिकामी झाली. पट्टा, मोटर आणि जातं येईल एवढं जमलं, उरलेल्यातून शेडचं दार होईल, असं वहिनी म्हणाल्या. लोक गेल्यावर त्यांनी चहा केला आणि जमलेल्या पैशांच्या गड्डीतून काही नोटा काढून माझ्यापुढं धरल्या. मी हात मागे घेतला. वहिनी, हे काय, असं नको, मी मित्राच्या घरी आलोय, जे जे सुचलं ते सगळं बोललो. त्या नोटा धरून तशाच उभ्या राहिल्या.

"तीन आयतवार आलात, सर. एसटीनं आलात. अजून निम्मी शेड हाय. फुकट आलेल्या माणसाला परत बोलवायला मला तोंड होत न्हाय."

मी घेतले. जुन्या भागांच्या विक्रीतून आयुष्यात पहिल्यांदा मी वरचे पैसे घेतले, आणि बारामतीच्या गाडीत बसून ते खिशात चाचपत राहिलो. नाद बाटल्यासारखं काही वाटलं नाही. पुढच्या रविवारी परत यायचं आहे आणि संकोच न करता यायचं आहे, एवढं मात्र वाटलं. मग त्या स्प्रिंगचं आठवलं. तू दहा रुपये सोडले असतेस तर मी तुझ्या उपकारात राहिलो असतो, आणि उपकारात असलेल्या माणसाला ज्याला दलाल म्हटलं त्याच्या दारात पाऊल टाकता आलं नसतं. तू पुरते पैसे घेतलेस. माझ्याकडे तुझं काही राहू दिलं नाहीस. त्या दिवसापासून तुझी शेड मला इतर कुणाही माणसाइतकीच उघडी होती, आणि मी पुढे वर्षभर तिथं फिरकलो नाही. दोस्त म्हणून यायला पाऊल उचलत नव्हतं, हे मी समजू शकतो. निदान गिऱ्हाईक म्हणून तरी यायचं होतं मी.